एकोणीस सेंटीमीटरची इभ्रत

मी काठी बोलतेय. झेंड्याची नव्हे, झेंड्याची मला नंतर बळेच केली. मी व्हॉलीबॉलचं नेट मोजायची काठी आहे, आणि आधीच सांगून ठेवते, गोड बोलायला मला कुणी शिकवलेलं नाही.

माझं शिक्षण दोन रेघांचं. खालची रेघ दोन मीटर चोवीसवर, ती मुलींच्या नेटची. वरची दोन मीटर त्रेचाळीसवर, ती मुलांच्या नेटची. मधे अंतर एकोणीस सेंटीमीटर, म्हणजे वीतभराला थोडं कमीच. ह्यापलीकडे मला काही येत नाही. पण एवढं मला पक्कं येतं, आणि ज्यांना पुष्कळ येतं अशा शहाण्यांनी चार वर्षं मला हे विचारलं नाही. म्हणून आज तोंड उघडलंय.

सियागंजातल्या एका दुकानाबाहेर मी बांबूंच्या जुडीत उभी होते. एका सकाळी सुधाकर सर आले. ते आमच्या इंदूरच्या एका मराठी व्यायाम मंडळात मुलामुलींना व्हॉलीबॉल शिकवायचे.

"भिया, एकदम सीधा वाला दिखाओ," सर म्हणाले.

"मंडप तानना है सर?"

"नाप लेना है. लड़कियों के नेट का."

दुकानदार हसला. "लड़कियों का है, तो थोड़ा टेढ़ा भी चलेगा."

"नहीं चलेगा," सर म्हणाले, आणि सगळी जुडी सोडायला लावून त्यांनी मला निवडलं. जन्मभर लक्षात राहावं असं माझ्यासाठी कुणी बोललं असेल, तर ते एवढंच.

सरांनी मला सोललं, तेल पाजलं, आणि सळई लाल करून दोन रेघा डागल्या. रंगानं का नाही काढल्या म्हणाल, तर रंग उडतो. त्यांना माणसं ठाऊक होती.

ग्राउंडवर लोखंडी पोल दोन. प्रत्येकाला दोन हूक, एक वरचा, एक खालचा. आधी मुलं खेळायची, मग मुली. मधल्या पाच मिनिटांत नेट खालच्या हुकावर यायचं आणि सर हाक मारायचे, "काठीबाईंना बोलवा." दोन्ही टोकांना मोजायचे, मधे मोजायचे. नेट मधे झोपतं, दुपारच्या माणसासारखं. ते ताणून खालच्या रेघेला लागलं की मगच शिट्टी. मला धरायला मुली भांडायच्या. नऊ वर्षं हे रोज झालं.

मग सरांचे गुडघे गेले आणि ते मुलीकडे पुण्याला गेले. जाताना त्यांनी मला प्रमोदिनीच्या हातात दिलं. ही त्यांचीच जुनी खेळाडू. दिवसा एका शाळेत खेळाच्या तासाला, संध्याकाळी मंडळात मुलींची कोच. "हिला रोज विचारत जा," सर म्हणाले. तिनं विचारलं. दोन महिने.

आता जयसिंगराव. मंडळाचे अध्यक्ष. पणजोबा होळकरांच्या पागेत होते. पगडी सणाला घालतात, मिशी रोजची. माणूस वाईट नाही. वाईट असता तर माझा राग सोपा झाला असता. रोज संध्याकाळी खुर्ची टाकून बसायचे, मुलींसाठी केळी आणायचे, भिंतीवर बसून शेरे मारणाऱ्या टोळक्याला काठी घेऊन पळवायचे. ती काठीही मीच असायची.

एका संध्याकाळी खालचा हूक गंजून अडकला. उशीर होत होता, म्हणून मुली मुलांच्याच नेटवर खेळल्या. नेमका त्या दिवशी बाहेरगावचा एक पाहुणा आलेला. तो म्हणाला, "क्या बात है रावसाहब, आपकी बच्चियाँ तो मर्दों के नेट पर खेलती हैं."

झालं. छाती फुगली ती पुन्हा खाली आलीच नाही.

मंडळात दसऱ्याला शस्त्रपूजा असते. तलवारी, ढाली, मुद्गल, आणि त्यांच्या शेजारी बॉल नि नेट. नेटलासुद्धा हळदकुंकू लागतं. त्या दसऱ्याला जयसिंगराव माईकवर म्हणाले, "ज्या गावाचं राज्य एका बाईनं चालवलं, त्या गावच्या पोरींसाठी नेट खाली करायचं? झेंडा खाली येतो का कधी? आजपासून ह्या मंडळात नेट खाली येणार नाही." टाळ्या पडल्या. बायकांनी जास्त वाजवल्या, ते मी पाहिलं.

दुसऱ्या दिवशी वेल्डिंगवाला आला. दोन्ही पोलांचे खालचे हूक त्यानं ग्राइंडरनं कापून टाकले. ठिणग्या उडाल्या आणि माझी अर्धी विद्या वाया गेली. उरलेली अर्धी कुणी विचारली नाही, कारण वरचा हूक पक्काच होता. मग मला नखशिखांत भगवा रंग फासला, डोक्याला झेंडा बांधला. रंगपंचमीच्या गेरमध्ये, म्हणजे रंग उधळत निघणाऱ्या मिरवणुकीत, मला नाचवलं. भंडाऱ्याला शामियाना लोंबला की मी टेकू. एरवी स्टोअरमध्ये जळमटं. मोजायच्या काठीनं जळमटं काढणाऱ्या लोकांची मला फार कीव येते, आणि कीव संपली की राग येतो.

प्रमोदिनी भांडली, नाही म्हणायचं नाही.

"काकासाहेब, मॅचमध्ये नेट दोन चोवीसच असतं. ह्यांना त्याची सवय पाहिजे."

"प्रमोदिनीबाई, ज्याला पहाड चढता येतो त्याला जिना काय अवघड? बाहेर गेल्यावर ते नेट ह्यांना खेळणं वाटेल."

"वाटणार नाही. टायमिंग बिघडतं."

"टायमिंग तुम्ही सुधारा. इभ्रत मी पाहतो."

ती तीनदा भांडली आणि चौथ्यांदा गप्प बसली. तिथवर मी समजू शकते. पण पुढं तिलाच गोडी लागली. दुसऱ्या कोचनी विचारलं की तीही ऐटीत सांगू लागली, "आमच्या पोरी दोन त्रेचाळीसवर मारतात." बाई, जयसिंगरावांपेक्षा माझा राग तुझ्यावर जास्त. त्यांना माहीत नव्हतं. तुला माहीत होतं.

ह्यात जिचं खरं नुकसान व्हायचं होतं ती शिखा. देपालपूरची. तिचे वडील तिथल्या मंडीत तुलावटी, म्हणजे शेतकऱ्यांचं धान्य तोलून देणारे. घरात मराठी, दारात मालवी. शिखा रोज बसनं दीड तास यायची, दीड तास जायची. अंगानं बारीक, उंचीला मध्यम, पण उडायची अशी की खाली यायचं विसरली की काय वाटावं. टीमची शूटर तीच. वडिलांनी तिला स्पष्ट सांगितलं होतं, "ह्या साली स्टेटच्या हॉस्टेलला निवड झाली तर खेळ. तिथं राहणं, शिकणं, सगळं एका जागी. नाही झाली तर हे बसचं येणं-जाणं बंद. बारावी घरून कर." रागानं नव्हे. रोज अंधार पडल्यावर बसथांब्यावर उभा राहणारा बाप तो, थकला होता.

शिखाला बॉल चढवून द्यायची स्पृहा. ती लिफ्टर. वडील नाशिकहून पिथमपूरच्या कारखान्यात आलेले, त्यामुळे हिची मराठी इस्त्रीची.

"मी कवाची बोलून राहिली, बॉल वर दे," शिखा म्हणायची.

"बोलून राहिली नाही, बोलतेय. आणि ह्याच्या वर द्यायचा तर जिना लावावा लागेल."

"तर लाव नं. तुझ्या पप्पाची फॅक्टरी आहे."

"त्यांची नाही, ते तिथं नोकर आहेत. तुझ्यासारखेच आम्हीही बसनं फिरतो."

दोघी हसायच्या. पण जिन्याची गोष्ट खरी होती. वीतभर उंच नेट ओलांडायला स्पृहा बॉल उंच द्यायची, आणि शिखा बॉल खालून वर उचलून मारायची, मनगट मागे टाकून. खाली दाबून मारणं तिच्या हाताला माहीतच झालं नाही. स्टोअरच्या उघड्या दारातून मी हे रोज बघायची. काठीला तोंड नसतं, हे देवानं काय बघून ठरवलं कोण जाणे.

जिल्ह्याची फायनल आली. तिथंच स्टेटच्या निवडीचे दोन साहेब बसणार होते. जयसिंगराव पगडी घालून आले आणि मंडळाचा झेंडा म्हणून मला घेऊन आले.

मॅचआधी पंचानं आपल्या काठीनं नेट मोजलं. अॅल्युमिनियमची होती, चकचकीत. दोन चोवीस. मी आपली बाजूला झेंडा मिरवत उभी, सख्ख्या बहिणीच्या लग्नात पाहुण्यासारखी.

पहिला बॉल स्पृहानं उंच दिला. शिखा उडाली. नेट तिच्या छातीशी आलं असं वाटलं. तिनं मारला आणि बॉल मागच्या लाइनीच्या दोन हात पुढं जाऊन पडला. आउट. दुसरा आउट. तिसरा कुंपणाला. चौथ्यापासून समोरच्या मुलींनी ब्लॉकला उडणंच सोडलं. हात खाली ठेवून उभ्या राहायच्या आणि बॉल डोक्यावरून जाताना बघायच्या. प्रेक्षकांतून एक जण ओरडला, "अरे भिया, छप्पन दुकान तक पहुँचाएगी क्या." त्या लांबच्या खाऊगल्लीच्या नावानं लोक हसले. शिखाचा चेहरा मी बघितला नाही. बघवला नाही.

पहिला सेट पंचवीस-चौदा. चौदातले बहुतेक समोरच्यांच्या चुकीचे. शिखाचे नऊ बॉल आउट.

प्रमोदिनीनं मुलींना बोलावलं. तिची नजर माझ्यावर आली होती. दुसऱ्या सेटमध्ये तिनं शिखाला सांगितलं, जोर सोड, नुसता टेकव. एकवीसपर्यंत ओढलं. हरल्या. मॅचही गेली.

निवडीचे साहेब शिखाशी वाईट बोलले नाहीत. "बेटा, कूदती अच्छा हो. पर लाइन का अंदाज़ा बिल्कुल नहीं है." मग प्रमोदिनीला म्हणाले, वीस दिवसांनी खुली चाचणी आहे, पाहिजे तर आणा.

लोक पांगले. प्रमोदिनी सरळ जयसिंगरावांकडे आली, त्यांच्या शेजारच्या खांबाला टेकलेल्या मला उचललं आणि झेंड्यासकट नेटखाली नेऊन उभं केलं. अंगठ्याच्या नखानं भगवा रंग खरवडला. डागलेली रेघ बोटाला लागली. नेटची वरची पट्टी बरोबर खालच्या रेघेवर. वरची रेघ तिच्याही वर, रिकाम्या हवेत. तिनं सगळ्या मुलींना जवळ बोलावून दाखवलं.

"एवढंच?" स्पृहा म्हणाली.

"एवढंच," प्रमोदिनी म्हणाली. "चूक माझी. शिट्टी माझ्या गळ्यात होती."

एवढं बोलली म्हणून मी तिला अर्धं माफ केलं. अर्धं ठेवलंय.

दुसऱ्या दिवशी मंडळात ती अध्यक्षांच्या खुर्चीपुढं उभी राहिली. मी तिच्या हातात, झेंडा काढून घडी घालून टेबलावर.

"काकासाहेब, एक सांगा. किल्ल्याच्या तटावर गोळा टाकायला तोफ लावलीय. तीच तोफ तशीच ठेवून मैदानातल्या घोडेस्वारांवर उडवली, तर गोळा कुठं जाईल?"

"डोक्यावरून."

"काल नऊ गेले."

जयसिंगरावांचा हात मिशीवर गेला. मला वाटलं, समजलं. मी शपथेवर सांगते, त्यांना समजलं होतं. आणि मग ते म्हणाले, "तोफेचं आम्हाला शिकवू नका. नेट खाली येणार नाही. मी माईकवर बोललेला माणूस आहे."

"मग शिखाचं काय? वीस दिवस आहेत तिच्याकडं."

"तिला आशीर्वाद आहे."

बघा. पोरीला पाहिजे होता एक हूक, मिळाला आशीर्वाद. माणसाची ही खोड मी फार जवळून पाहिलीय. जे द्यायला पोलाला भोक पाडावं लागतं ते देत नाहीत. जे तोंडानं देता येतं ते पोतंभर देतात.

प्रमोदिनीनं त्याच संध्याकाळी दोरीनं नेट खाली बांधलं. सकाळी ते वर होतं. पुन्हा बांधलं, पुन्हा वर. तिसऱ्या दिवशी ती मला खांद्यावर टाकून फाटकाबाहेर आली. कुणाला विचारलं नाही. मागून अकरा मुली.

"मॅडम, आता कुठं?" एकीनं विचारलं.

शिखा हळूच म्हणाली, "आमच्या मंडीत लिलाव दोनला संपतो. मागं मोकळी जागा आहे."

"म्हणजे आता आम्ही रोज देपालपूरला येऊन राहिलो?" स्पृहा म्हणाली.

"बरोबर बोलली. शिकली तू."

अशी मी बसच्या टपावर चढून देपालपूरला आले. चार वर्षं एक पोरगी गावाहून शहरात यायची. आता शहरातल्या दहा पोरी तिच्या गावाला जाऊ लागल्या.

शिखाच्या वडिलांनी हमालांना घेऊन दोन बल्ल्या, म्हणजे लाकडी खांब, गाडल्या. नेट एका शाळेतून मागून आणलेलं, जुनं, दोन ठिकाणी गाठी मारलेलं. प्रमोदिनी त्यांना मला कसं धरायचं ते सांगायला गेली, तर ते म्हणाले, "रहने दो मॅडम. तीस वर्षं तोलून राहिलो. शेतकरी आपल्या काट्याकडं बघतो, आपल्या तोंडाकडं नाही." त्यांनी मला दोन्ही टोकांना लावलं, मधे लावलं. मधे दोन बोटं कमी भरलं तर बल्ली उकरून पुन्हा गाडली. कुणी सांगितलं नव्हतं. त्या दिवशी मला माझ्या जातीचा माणूस भेटला.

मग वीसातले उरलेले सतरा दिवस. प्रमोदिनीनं मागच्या लाइनीच्या दोन पावलं आत चुना टाकून आडवी रेघ मारली. "त्या रेघेच्या आत," एवढाच धडा. स्पृहाला सांगितलं, बॉल वीतभर खाली दे. दोघींचे हात ऐकेनात. चार वर्षांचं शिकलेलं विसरायचं होतं, आणि शिकण्यापेक्षा विसरणं अवघड. पहिल्या दिवशी चाळीस बॉलांतले सव्वीस बाहेर गेले. एक तर वाळत घातलेल्या सोयाबीनमध्ये.

"मॅडम, माझ्यानं होत नाही," शिखा म्हणाली. "हात आपोआप वर जाऊन राहिला."

"हाताला दोष देऊ नको. त्याला आम्ही वर पाठवलं. मनगट मोड. चपातीचा गोळा परातीत आपटतात तसा."

"मला चपात्या येत नाहीत."

"बरं झालं. मग हेच शीक."

पाचव्या दिवशी अठरा बाहेर. आठव्या दिवशी एकवीस, आणि त्या दिवशी शिखा बल्लीमागे जाऊन रडून आली. वडिलांनी पाहिलं आणि बॉल आणून द्यायला दोन हमाल उभे केले. बाराव्या दिवशी सहा. शेवटच्या दिवशी प्रमोदिनीनं मोजणं थांबवलं, कारण मोजायला काही उरलं नव्हतं.

चाचणीला मी गेले नाही. काठीला कोण नेतं. मी मंडीच्या ओट्यावर आडवी होते तेव्हा संध्याकाळी बसमधून उतरून शिखा चालत आली, वडिलांपुढं उभी राहिली आणि म्हणाली, "बॅग घ्यावी लागेल. मोठी." एवढंच. वडील काटा पुसत होते, पुसतच राहिले, पार चमकेपर्यंत.

इथं गोष्ट संपली असती तर मी कशाला बोलले असते.

आठ दिवसांनी जयसिंगराव मोटारीतून देपालपूरला आले. पगडी, शाल, नारळ, आणि बरोबर पेपरवाला. शिखाला शाल घातली. खरंच डोळे भरून आले होते त्यांचे, मी खोटं कशाला सांगू. आणि पेपरवाल्याला त्याच भरल्या डोळ्यांनी म्हणाले, "लिहा, आमच्या मंडळात मर्दांच्या नेटवर तयार झालेली मुलगी."

शिखानं एकदा शालीकडं पाहिलं, एकदा प्रमोदिनीकडं. मग म्हणाली, "काकासाहेब, मर्दांच्या नेटवर मी हरली. जिंकली ती ह्या नेटवर. हे पण लिहायला सांगा नं."

पेपरवाल्याचं पेन थांबलं. जयसिंगरावांनी वर हात करून नेटची पट्टी चाचपली. "किती ठेवलंय हे?"

"पाहिजे तेवढं," शिखाचे वडील म्हणाले.

मग जयसिंगरावांना मी दिसले. "ही तर मंडळाची काठी. दसरा आलाय, झेंड्याला लागेल."

"घेऊन जा," प्रमोदिनी म्हणाली. "फक्त आधी खालचे हूक लावून घ्या. ज्या दिवशी लागतील, त्या दिवशी मी स्वतः आणून देते."

ते मोटारीत जाऊन बसले. पेपरात दुसऱ्या दिवशी फोटो आला. खाली छापलं होतं, मर्दांच्या नेटवर तयार झालेली कन्या.

शिखा आता हॉस्टेलला आहे. मी इथंच, तुलावट्यांच्या काट्याशेजारी. मला इथं मान आहे, तेल आहे, भगवा रंग खरवडून निघालाय. देपालपूरच्या सात-आठ पोरी रोज मला लावून नेट बांधतात. म्हातारपण बरं चाललंय म्हणाल.

पण स्पृहानं परवा येऊन सांगितलं. मंडळात नव्या बारा पोरी आल्यात. सर्वांत धाकटी दहा वर्षांची आहे. तिच्यासाठी तर माझी खालची रेघही उंच. त्या बाराजणी रोज संध्याकाळी दोन त्रेचाळीसच्या नेटखाली मान वर करून उभ्या राहतात, टाचा उंचावून बॉल ढगात मारतात, आणि भोवतीचे लोक वाहवा म्हणतात.

म्हणून मला इथला मान नको. प्रमोदिनीबाई, तुझी अट चुलीत घाल. हूक लागायची वाट बघत बसलीस तर त्या पोरी म्हाताऱ्या होतील. हूक नसू दे, दोरी आहे. ते वर करतील, तू खाली कर. रोज. आणि तुम्ही जे वाचताय, त्यांच्यापैकी कुणाची लेक तिथं जात असेल, तर टाळ्या वाजवायच्या आधी एकदा पोलापाशी जाऊन विचारा, किती आहे.

उद्या सकाळी साडेसातची बस आहे. टपावर जागा असते. मला न्या.